तीन एजंट आणि सारजा

इंदापुरातलं आमचं घर विकायला काढलं, तर तीन एजंट आले. तिघंही दोन टक्के कमिशन मागत होते. माझी बायको सारजा चहा पाजून एकेकाला खाली ओढायला बसली. पहिला दीड टक्क्यावर तणतणत उठला. दुसऱ्यानं एका टक्क्यावर हात जोडले. तिसरा, दिग्विजय, अर्ध्यावर आला आणि हसायलाच लागला.

"मावशी, मला कमिशनच नको. कळसला एका घराचा सौदा अडलाय, तितं बोलायला तेवढ्या चला."

"आधी आपलं घर विक की!" मी सारजावर ओरडलो.

"आलेच," म्हणाली.

वर्ष झालं. सारजानं दिग्विजयबरोबर लोकांची चार घरं विकली. आमचं हाय तसंच हाय. काल चिडून विचारलं, तर चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "अहो, माझं कमिशन किती द्याल?"