दात द्या, सांगतो

“म्हणा साहेब, सासूबाईंचा ससा साबणावरून सटकला.”

खुर्चीत रेललेल्या म्हाताऱ्याने आधी कवळीकाकांकडे पाहिले, मग डॉक्टरीणबाईंकडे. तोंडात मेणावर बसवलेले कच्चे दात, छातीवर निळा कागदी रुमाल, आणि दाराबाहेर दोन अंगरक्षक. आयुष्यभर सभा गाजवलेल्या माणसाला सशाबद्दल बोलायला सांगितले की अवघडल्यासारखे होणारच.

“हेच म्हणायला हवं का?”

“सगळ्यांकडून म्हणून घेतात ते,” डॉक्टरीणबाई हसल्या. “‘स’ नीट आला की समोरचे दात जागेवर आहेत असं समजायचं. आणि माणूस हसला की जबडा सैल सुटतो. म्हणून टाका.”

साहेबांनी घसा खाकरला. “शाशूबाईंचा शशा शाबणावरून शटकला.”

कुणीच हसले नाही. कवळीकाका खाली वाकले, त्यांनी साहेबांचा ओठ अंगठ्याने वर केला आणि म्हणाले, “जरा पुढे आलेत. घेतो आत.”

कवळीकाकांना खरे नाव होते, पण दवाखान्यात ते कुणाला ठाऊक नव्हते. डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या, काका ते घरी नेऊन मागच्या खोलीत कवळी घडवायचे, आणि मेणातली कवळी तोंडात घालून पाहायच्या वेळी पुन्हा हजर व्हायचे. शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्या दातांनी जेवत होते. या खुर्चीत कोण बसणार आहे हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधीच सांगितले होते. चाचरतच सांगितले होते. “काका, नको असेल तर दुसरीकडे देते काम.” काका नुसते “करतो” म्हणाले होते. का, ते त्यांनाही नीट सांगता आले नसते.

हा चेहरा त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. तेव्हा तो भरलेला होता, मिशा काळ्या होत्या. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात शत्रूने क्षेपणास्त्रे दडवली आहेत, आता हात बांधून बसलो तर पुढची पिढी माफ करणार नाही, असे हेच साहेब, तेव्हाचे संरक्षणमंत्री, टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते. मग एक अख्खा हिवाळा लढाई चालली. खोरे जिंकले. तिथे मेंढ्यांचे गोठे निघाले आणि एक बंद पडलेली पिठाची गिरणी. क्षेपणास्त्र सोडाच, धड पत्र्याचे छप्परही नव्हते.

आता सरकार बदलले होते आणि चौकशी आयोग बसला होता. मधल्या काळात साहेबांच्या हिरड्या सडल्या, दात एकामागून एक काढावे लागले. बोलता येत नाही म्हणून त्यांनी आयोगाकडून दोनदा तारीख वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा आयोगाने सांगितले, दात करून घ्या आणि या.

डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला, त्या बाहेर गेल्या. काकांनी साहेबांच्या तोंडातून कवळी अलगद काढली आणि मेण वाकू नये म्हणून थंड पाण्याच्या वाटीत ठेवली. दात निघताच साहेबांचे गाल आत गेले, हनुवटी वर आली. क्षणात ते कुणाच्याही घरातले आजोबा दिसू लागले.

“मजेशीर वाक्य आहे,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “तुम्ही जुळवलंत?”

“नाही. माझ्या मुलानं. लहानपणी जिन्यावरून पडला, समोरचा दात अर्धा तुटला. ‘स’ म्हटला की शिट्टी वाजायची. पोरं शिट्ट्या म्हणायची त्याला. त्याला दात बसवून दिला तेव्हा मी म्हटलं, काहीतरी ‘स’चं बोलून दाखव. तर हे म्हणाला.”

“वा! काय करतो आता?”

काका वाटीतल्या पाण्याकडे पाहत राहिले. “तुमच्या लढाईत गेला.”

आता हे नेहमीचे काहीतरी बोलणार, देशासाठी वगैरे, असे काकांना वाटले. तशी वाक्ये त्यांनी बरीच ऐकली होती. साहेब मात्र छातीवरचा कागद चुरगळत बसले होते.

“चूक झाली,” ते म्हणाले. शब्द ओठांतून नुसते सांडत होते, काकांना पुढे वाकावे लागले. “माझी चूक. खोरं रिकामं आहे हे कळलं होतं मला. आमचाच माणूस बघून आला होता. सैन्य निघालं नव्हतं अजून. थांबवता आलं असतं. पण एवढं बोलून बसलो होतो... मागं कसं फिरायचं?”

काकांनी खुर्चीचा हात धरला.

“हे तिथं सांगाल?”

“कुठं?”

“आयोगापुढं. आत्ता बोललात तसंच.”

साहेबांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. “दात द्या,” ते म्हणाले. “सांगतो.”

डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हा काका मेणातली कवळी डब्यात ठेवत होते.

साहेब गेल्यावर काकांनी त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ हात धूत राहिल्या. “काका, वाईट वाटून घेऊ नका,” शेवटी म्हणाल्या, “पण एकट्याला कसं धरणार? सगळ्या सभागृहानं हात वर केले होते. पेपरांनी आग ओकली. माझ्या वडिलांनी गच्चीवर झेंडा लावला होता. लढाई सगळ्यांनाच हवी होती.”

“असेल,” काका म्हणाले. “पण सगळ्यांना ठाऊक नव्हतं ना, खोरं रिकामं आहे ते. त्याला ठाऊक होतं.”

घरी काकू मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कुणाची कवळी आहे हे कळल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. टेबलावर साहेबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. काका मेण गरम करत होते.

“आणि तुमचा विश्वास बसला?”

“रडला गं तो.”

“मी पण रडते. रोज रडते. कोण दात करून देतंय मला?” काकूंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “अहो, ऐका माझं. समोरचे दात जरासे इकडेतिकडे करा. कुणाला कळणार नाही. अख्ख्या देशासमोर शिट्टी वाजू दे त्याची. बोलायला तोंड उघडलं की लोक हसले पाहिजेत.”

हे काकांच्या मनात आले नव्हते असे नाही. मेणात सुरीचे टोक घालून दोन दातांमध्ये केसाएवढी फट ठेवली की काम भागत होते. ती शिट्टी कशी वाजते, कुठून हवा निसटते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पोराचा दात बसवण्याआधी वर्षभर ती त्यांनी घरात ऐकली होती. सकाळी आंघोळीच्या वेळी साबण मागताना, शाळेची तक्रार सांगताना. दात बसवल्यावर पहिले काही दिवस घर सुने वाटले होते. काकू तर म्हणाल्याही होत्या, उगाच बसवलात.

त्याच दातावरून काकांनी पोराला ओळखले होते.

लष्करी दवाखान्याच्या तळघरात त्यांना एकट्यालाच आत नेले होते. चेहरा पाहू नका, असे तिथला माणूस म्हणाला. दात दाखवा, काका म्हणाले. समोरचा दात इतरांपेक्षा पिवळसर होता. चहा ढोसून ढोसून पोराने त्याचा रंग घालवला होता, आणि काका त्याला दर वेळी म्हणायचे, सुट्टीवर आलास की बदलून देतो. हातचे काम ओळखू येतेच. काकांनी मान हलवली आणि बाहेर येऊन काकूंना सांगितले, झोपल्यासारखा दिसत होता. ते खोटे आहे हे काकूंना त्याच वेळी कळले होते. त्यांनी पुढे कधी विचारले नाही.

सुरी हातात घेऊन काका खूप वेळ बसले. मग त्यांनी ती खाली ठेवली.

“नाही जमायचं गं.”

“का? देवमाणूस आहात?”

“देवमाणूस कसला! वाटतंय, त्याचा गळा धरावा. पण शिट्टी शिट्ट्याची आहे. ती त्या माणसाच्या तोंडात कशी घालू?”

काकू दारातून हलल्या नाहीत. काका पुढे म्हणाले, “आणि तो जर खरंच बोलला, तर स्पष्ट ऐकू यायला हवं. पुन्हा कुणी म्हणायला नको, की काय पुटपुटला कळलं नाही.”

“दात नसताना बोललाय तो,” काकू म्हणाल्या. “असल्यावर काय बोलतो, बघू.”

काकांनी त्या कवळीवर जीव ओतला. लग्नासाठी नवरदेवाचे दात करून दिले असतील, पण इतके मन लावून नाही. समोरचे दात आत घेतले, टाळूकडची बाजू पातळ केली, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. काम करताना त्यांना मधेच हुरूप यायचा आणि मग त्या हुरूपाची लाज वाटायची. इतके दिवस कुणीच “माझी” म्हटले नव्हते. दुर्दैवी घटना म्हणाले, माहितीतली त्रुटी म्हणाले, काळाची गरज म्हणाले. एका माणसाने एकदा “माझी चूक” म्हणावे, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते. त्याने पोरगा परत येणार नव्हता. पण तो का गेला, याचे उत्तर तरी घरात आले असते.

कवळी द्यायच्या दिवशी साहेबांनी आरशात पाहिले. गाल भरून आले होते. त्यांनी एकदा दात दाखवले, एकदा ओठ मिटले. मग कुणी न सांगताच म्हणाले, “सासूबाईंचा ससा साबणावरून सटकला.”

एकही अक्षर घसरले नाही. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली.

“तुम्ही माझं तारुण्य परत दिलंत,” साहेबांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. पकड घट्ट होती, पुढाऱ्याची.

“लक्षात आहे ना, साहेब?”

“काय?” साहेब क्षणभर थांबले. “हो, हो. आहे ना.”

आयोगाची सुनावणी टीव्हीवर दाखवत होते. दुपारची वेळ होती. काकू तांदूळ निवडायला घेऊन बसल्या होत्या, पण ताटात हात तसाच होता. काका खुर्ची पुढे ओढून बसले. साहेब काळ्या कोटात आले, पाणी प्यायले, शपथ घेतली. त्यांचा आवाज खोलीभर भरला, अगदी पूर्वीसारखा.

अध्यक्षांनी विचारले, “खोरं रिकामं आहे अशी माहिती, सैन्य निघण्याआधी, तुमच्यापर्यंत आली होती का?”

काकांनी गुडघे गच्च धरले. ओठ हलत होते त्यांचे, जणू पोर परीक्षेला बसले आहे आणि उत्तर आपण सांगायचे आहे.

“सन्माननीय अध्यक्ष,” साहेब म्हणाले, “अशी सूचना माझ्यासमोर ठेवल्याचं मला स्मरत नाही. समोर असलेल्या सर्व साधनांवर विसंबून, संपूर्ण सभागृहाच्या संमतीनं सरकारनं तो निर्णय घेतला. कुणा एकावर ठपका ठेवणं हा सैनिकांच्या सर्वोच्च त्यागाचा अपमान ठरेल.”

काका ऐकत होते. अनेक वर्षांची सवय, कान आपोआप ‘स’ तपासत होता. सन्माननीय. सूचना. समोर. सर्व. संमती. सैनिक. प्रत्येक अक्षर लख्ख, जिथल्या तिथे. असे काम त्यांच्या हातून पूर्वी झाले नव्हते.

“एकदाही शिट्टी वाजली नाही,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसेना.

“मी जातो आयोगाकडं. माझ्यासमोर बोललाय तो. मी सांगतो.”

“काय सांगाल? तोंडात दात नव्हते तेव्हा खरं बोलला म्हणून?” काकूंना हसू आले. खरेच आले, खांदे हलले, ताटातले तांदूळ सांडले. आणि त्याच हसण्यात रडू मिसळले. काका उठून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. नवीन दातांचे ते तोंड वर पडद्यावर बोलतच होते. कुणीतरी त्याला पाण्याचा पेला आणून दिला.

“मी केले गं त्याचे दात,” काका म्हणाले. “मी. ह्या हातांनी.”

काकूंनी त्यांचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. “तुम्ही नुसते दात केलेत,” त्या म्हणाल्या. “बोलला तो.”

बऱ्याच वेळाने त्या उठल्या, टीव्ही बंद केला आणि मागच्या खोलीत गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. टेबलावरचा साहेबांचा साचा त्यांनी पाहिलाही नाही. फळीवरचे डबे बाजूला सारून त्यांनी मागचा लहान साचा काढला, लहान मुलाच्या जबड्याचा, समोरचा दात अर्धा असलेला. दात बसवायच्या आधी काकांनी घेतलेला.

काका दारात येऊन उभे राहिले. काकूंनी पदराने साचा पुसला. तुटक्या दाताच्या फटीत धूळ अडकली होती, ती पदराने निघेना. त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि फटीवर हळूच फुंकर घातली. दोघेही थांबले, काही ऐकू येईल म्हणून.

धूळ तेवढी उडाली.