दोन गाठींची दोरी

"मास्तर, माझ्या पोरीला उठवा! आदी उठवा तिला, मंग काय ते बोला!"

सगुणाबाईने डोक्यावरचा गवताचा भारा देवळाच्या पायरीवरच टाकला. वाडीची शाळा देवळातच भरे. आत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, अकरा मुले उताणी पडली होती. तळहात वर, पाय किंचित फाकलेले, डोळे मिटलेले. खांबापासून तिसरी तिची भिमा. मयताला ज्या रीतीने निजवतात त्या रीतीने ती आठ वर्षांची पोर निजली होती. फरक इतकाच, की तिच्या पोटाभोवती एक सुती दोरी बांधलेली होती आणि दोरीला नावाची चिठ्ठी होती.

आरडाओरडा ऐकून मुले उठून बसली. भिमा म्हणाली, "आये, आत्ताच तर पडलो व्हतो आमी."

कुंडलिक मास्तर भिंतीजवळून उठले. "बाई, पोर झोपलेली नाही. स्वस्थ पडून श्वास घेते आहे. भिण्यासारखे यात काही नाही."

"ह्याला म्हंत्यात काय?"

दुसरा एखादा शिक्षक 'खेळ आहे' एवढे बोलून मोकळा झाला असता. परंतु मास्तरांना असत्य जमत नसे, आणि अर्धे सत्य त्यांना असत्याहूनही हीन वाटे.

"शवासन."

"म्हंजी?"

"शव म्हणजे प्रेत. प्रेतासारखे निश्चल पडणे."

"ऐकलंत का, गुरव?" सगुणाबाई समईत तेल घालणाऱ्या हरिबाकडे वळली. "माझ्या लेकीचं मढं करून ठेवलं, अन् वर आपल्या त्वांडानं सांगत्यात!"

हरिबा गुरवाने तेलाची बुधली खाली ठेवली. "मास्तर, जिवंतपणी मरायचं शिकवताय व्हय? मरायला काय शाळा लागती?"

सगुणाबाईने भिमाच्या पोटावरची दोरी ओढून काढली. तिला दोन गाठी होत्या. "अन् ही कशाची?"

"मापाची."

"माप कुणाला द्यायचं हाय?"

मास्तरांना हा प्रश्न कळला नाही. पुढचा सगळा अनर्थ घडला तो एवढ्यामुळेच.

ते कामथडीचे. भोर संस्थानच्या शाळांत त्यांची एकोणीस वर्षे गेली होती. या वाडीत येऊन मात्र अवघे दीड वर्ष झाले होते. खालच्या खोऱ्यात धरणाची भिंत उभी राहत असताना इथल्या आयांनी काय काय ऐकले होते, याची त्यांना कल्पना नव्हती. भिंत चुन्याने धरत नाही, ती माणूस मागते. बांधणारे लोक पोरांची मापे नेतात आणि मापात बसेल त्याला भिंतीच्या पायात पुरतात. अशी वदंता त्या काळी खोरेभर होती, आणि कित्येक वर्षे कोणी आई पोराला एकटे ओढ्यावर पाठवीत नसे. भिंत पुरी होऊन वर्ष उलटले, तरी त्या श्रावणात, म्हणजे एकोणतीस साली, बातमी उठली की भिंत पाझरते आणि पुन्हा मागू लागली आहे. हे खरे नव्हते. तथापि वाडीच्या लोकांना मूर्ख ठरविण्याची घाई करू नये. ज्यांची घरे, खळी आणि वाडवडिलांची दहनभूमी त्या पाण्याने गिळली होती, त्यांनी त्याचे पोट आता भरले असे कोणत्या आधारावर मानावे?

अशा ठिकाणी एका परक्या माणसाने मुलांना प्रेतासारखे निजवून दोरीने मोजले होते, आणि प्रत्येक दोरीवर नाव लिहिले होते.

मास्तरांचा हेतू सांगायचा तर भिमापासून आरंभ केला पाहिजे. पाणी चढून वाडी डोंगरावर आली त्या वर्षी तिचा बाप गेनबा बुडत्या घराची सागवानी चौकट सोडवून आणायला लाकडांच्या सांगडीवरून गेला, आणि परत आला नाही. काठावरून भिमाने ते पाहिले होते. तेव्हापासून पाणी ओतल्याचा आवाज झाला की तिचा श्वास छातीत अडके, ओठ निळे पडत. दोन भगत झाले, लिंबू झाले, कोंबडे झाले. इतर मुलांचीही तऱ्हा बरी नव्हती. कोणी उगीच मारामारी करी, कोणी दिवसचा दिवस बोलत नसे. मास्तरांना स्वतःला तरुणपणी धडकीचा विकार होता. कामथडीच्या एका म्हाताऱ्या वैद्याने त्यांना आसने आणि सावकाश श्वसन शिकवून त्यातून बाहेर काढले होते. तेच त्यांनी मुलांना देऊ केले. मुलाला न दिसणारी गोष्ट पटत नाही, आणि श्वास दिसत नाही; म्हणून दोरी. श्वास सोडून पोट रिते असता पहिली गाठ, श्वासाने भरले असता दुसरी. दोन गाठींमधले अंतर वाढले की भिमा ते बोटांनी मोजी आणि हसे. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, ती त्या अंतरावर.

हे त्यांनी आयांना आधी सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण शाळेत काय शिकवायचे ते मास्तर ठरवतो, अशी त्यांची समजूत होती. ही त्यांची चूक, आणि ती लहान नव्हती.

चौथ्या दिवशी, वाडीच्या तक्रारीवरून, भोरहून कचेरीचे एक कारकून चौकशीला आले. देवळात सतरंजी पडली. रखमाजी पाटलांनी जप्त केलेल्या अकरा दोऱ्या फडक्यात बांधून समोर ठेवल्या. चाळीसएक माणसे जमली. मुलांना आयांनी कडेला दाबून बसवले होते.

कारकुनांना धरणाच्या गोष्टीत गोडी नव्हती. त्यांचा संशय निराळा होता.

"मास्तर, हे क्रमिक पाठात कुठे आहे?"

"नाही, रावसाहेब."

"मुंज नाही, संध्या नाही, आणि या पोरांना प्राणायाम सांगता? कोणाच्या अनुज्ञेने?"

"श्वास ती आधीपासून घेतच होती, रावसाहेब. त्याला कोणाची अनुज्ञा लागली नव्हती. मी फक्त सावकाश घ्या म्हणालो."

मागे कोणी तरी खुदकन हसले. कारकून हसले नाहीत.

"ते ऱ्हाऊ द्या," रखमाजी पाटील म्हणाले. "आमचं म्हननं येवढंच, सायब, की ही मापं कुनाकडं जानार व्हती?"

"कुठेच नाही," मास्तर म्हणाले. "शाळेतच राहणार होती."

"मंग लिवली कशाला? घरात ऱ्हायच्या वस्तूवर कुनी नाव घालतं?"

टापटीप हा पुरावा होऊ शकतो, हे मास्तरांच्या ध्यानी कधी आले नव्हते.

सगुणाबाई उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आवाज मात्र स्वच्छ. "म्या काय शानी न्हाई. मास्तर ग्वाड बोलत्यात. पन भिमेच्या बापाला न्यायला आलेलं पानीबी लई शांत व्हतं. द्येवाला इचारा. कौल लावा. उजवी पाकळी पडली तर पोरगी उद्यापास्नं शाळंत. डावी पडली तर मास्तरांनी हितनं जावं."

माणसांनी माना डोलावल्या. कारकुनांनी मास्तरांकडे पाहिले. "मान्य?"

"मला नाही म्हणण्याचा अधिकार आहे का?"

"नाही."

"मग मान्य."

हरिबाने गाभाऱ्यात जाऊन हात जोडले, झेंडूच्या दोन पाकळ्या निवडल्या, आणि त्या चिकटाव्यात म्हणून तांब्याभर पाणी देवाच्या खांद्यांवरून ओतले. पाणी दगडावरून खळखळत पन्हळीत गेले. उजव्या खांद्यावर एक पाकळी, डाव्यावर एक. सगळ्या देवळाने श्वास रोखला.

आणि भिमाचा श्वास रोखला गेला तो सुटेचना.

"भिमे! आगं घे की! घे श्वास!" सगुणाबाईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. पोरीचे डोळे पांढरे होऊ लागले, ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. कोणी कांदा मागितला, कोणी वहाण. मास्तर एक पाऊल पुढे आले. पाटलांची काठी त्यांच्या छातीला आडवी झाली.

"मास्तर, जागेवर! पोरीला हात लावायचा न्हाई!"

मास्तर थांबले. त्यांनी पागोटे काढून बाजूला ठेवले. मग, कचेरीच्या माणसासमोर, चाळीस लोकांच्या देखत, ते पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ उभे होते त्याच जागी जमिनीवर उताणे पडले. कोटाचे एक बटण त्यांनी सोडले. तळहात वर केले, डोळे मिटले. त्यांचे पोट सावकाश वर आले, सावकाश खाली गेले.

"ह्येला काय झालं?" कोणी तरी पुटपुटले.

भिमाने त्यांना पाहिले. आईच्या हातातून ती घसरली, की सवयीने सुटली, कोण सांगणार? ती त्यांच्यापासून चार हातांवर खाली झाली, पाय पसरले, तळवे वर केले. पहिल्यांदा तिचे पोट थरथरले नुसते. मग घशातून कर्रकन आवाज आला आणि हवा आत गेली. मास्तरांचे पोट वर, तिचे वर. त्यांचे खाली, तिचे खाली. ओठांचा रंग हळूहळू परतला. सगुणाबाईचा हात, तिलाही न कळत, स्वतःच्या पोटावर गेला होता.

पुष्कळ वेळाने कारकुनांना कर्तव्याची आठवण झाली. "हरिबा, कौल?"

हरिबाने गाभाऱ्यात पाहिले. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या.

"आधी कोणती पडली?"

"म्या पोरीकडं बघत व्हतो, सायब."

"पाटील?"

पाटलांनी नकारार्थी मान हलवली. कारकुनांनी एकेकाला विचारले. चाळीस माणसांत देवाकडे पाहणारा एकही निघाला नाही.

"लबाड!" एक म्हातारी हरिबावर खेकसली. "डावी पडली आसंल, अन् मास्तरांसाठी लपवतोयस."

"किंवा उजवी," हरिबा म्हणाला. "अन् तुला पायजे न्हाई म्हनून तू बघितली न्हाईस."

निर्णय देवाने दिला नाही, तो कचेरीने दिला. क्रमिक पाठाबाहेरील क्रिया बंद. वाडीत क्षोभ असल्याने शिक्षकाची बदली. दोऱ्या लोकांसमक्ष जाळाव्यात. घोड्यावर बसताना कारकून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, 'कवायत' म्हणाला असतात, तर मी आलोही नसतो."

"पण ती कवायत नव्हे," मास्तर म्हणाले.

दोऱ्या देवळापुढे जाळल्या. प्रत्येक आईने आपल्या मुलाची चिठ्ठी वाचून घेऊन, खात्री करून, स्वतःच्या हाताने दोरी विस्तवात टाकली. दहा झाल्या. सगुणाबाई म्हणाली, "माझी मी घरी नेती. चुलीत घालीन." तिच्या दुःखाचा मान ठेवून कोणी हटकले नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर निघाले. ट्रंक आंबवड्याला जाणाऱ्या बैलगाडीत गेली. मास्तर मागून चालत होते. खिंडीत सगुणाबाई गवत कापीत होती. ती वाटेवर आली नाही. बांधापलीकडूनच, विळा हातात तसाच धरून, तिने विचारले, "मास्तर, आता तुमी चाललाच हायसा. खरं सांगा. माप कुनाला द्यायचं व्हतं?"

या खेपेस मास्तरांना प्रश्न कळला. ते बांधाकडे वळले.

"तुम्हाला, बाई," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी तुम्हाला द्यायला हवे होते."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले, बाजारात नाणे निरखावे तसे. विश्वास ठेवला की नाही हे तिच्या तोंडावर दिसले नाही. ती पुन्हा वाकली आणि गवताची मूठ धरली. मास्तर खिंड उतरून गेले. पुढे त्यांना वेल्ह्याकडची एक शाळा मिळाली एवढे कळते. तिथे त्यांनी मुलांना काय शिकवले आणि त्याला काय नाव दिले, ते या वाडीत कोणाला ठाऊक नाही.

नवे मास्तर पाढे घेत. देवळाच्या जमिनीवर पुन्हा कोणी पडले नाही.

वर्षाने, गवतकापणीच्याच दिवसांत, एका दुपारी शेजारच्या अंगणात कोणी घागर रिती केली आणि भिमा दारातच खाली बसली. सगुणाबाईने हातातले पीठ परातीत झटकले. दार लोटून घेतले. पोरीला भुईवर निजवून, तिच्याशेजारी स्वतः उताणी पडली. "हां, बघ माझ्याकडं. सावकाश. फुगीव. सोड." बराच वेळ मायलेकी तशाच पडून राहिल्या. मग सगुणाबाईने उठून छताच्या कडीपाटातली चिंधी काढली, चिंधीतली दोरी सोडली आणि भिमाच्या पोटाभोवती घातली.

"भर पोट."

भिमाने श्वास भरला. सगुणाबाईने दोन्ही टोके ओढली, पुन्हा सैल करून पुन्हा ओढली. दुसरी गाठ टोकाला मिळेना. पोरीचा श्वास गाठीपुढे चार बोटे गेला होता.

तिने ती चार बोटे आपल्या बोटांनी झाकून पाहिली. आणि मग, मास्तर गेले ती खिंड दिसते त्या बाजूचे दार तिने अर्धे उघडले.