फिकी ज्येष्ठा

"भात कांडून राहिली का तारे मोजून राहिली?" सासूनं आतूनच विचारलं.

देवकानं मुसळ उचललं, पण नजर नागरा गावच्या देवळाच्या कळसावरच राहिली. त्याच्यावर पहाटे ज्येष्ठा दिसायची. ती लग्न होऊन आली तेव्हा हा तारा निखाऱ्यासारखा लाल होता. या माघात पार फिका पडला होता. शेजारचे तारे मात्र होते तसेच होते.

नवऱ्याला, शालीकरामला, तिनं हे सांगितलं तर तो हसला. "तारा का कंदील हाये, वात कमी कराले?"

हसायला त्याचं काय जात होतं? ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली सून भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या मुळावर येते, हे गाव देवकालाच ऐकवायचं. लग्नापासून तिनं भासऱ्याला, उदारामला, तोंड दाखवलं नव्हतं; तिच्या हातचं पाणीही त्याला द्यायचं नाही, अशी ताकीद होती. आता मानमोडीच्या तापानं तो अंथरुणाला खिळला होता, आणि सासूनं बजावलं होतं, "याले काही झालं तं तू माहेरी जाशीन. पोट्टी इथंच राहीन."

तारा विझत चाललाय तसा आपला दोषही विझेल, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. बिचारीला दुसरा आधार तरी कोणता?

दुपारी सासू आणि शालीकराम वैद्याकडे गेले. देवकाची लहानगी पोर झोपली होती. आतून उदारामचा आवाज आला, "कोनी हाये काय? पानी द्या."

देवका उंबरठ्यावर घुटमळली. तो पुन्हा कण्हला. तिला फिकी ज्येष्ठा आठवली आणि ती आत गेली. त्याचं डोकं उचलून लोटा ओठांना लावताना पदर घसरला. सावरायला हात मोकळा नव्हता.

उदारामनं तिच्याकडे पाहिलं. "भेऊ नोको. मीच सांगीन मायले, का हिच्या हातचं पानी पेलो न बरं वाटलं."

ते सांगायला तो उरला नाही. मायलेक परतले तेव्हा तो गेला होता, आणि खाटेजवळ लोटा होता.

"कायले गेली तू आत?" सासूनं विचारलं. देवकानं त्याचे शब्द सांगितले. मेलेल्याची साक्ष कोण मानतो? शालीकराम खाली मान घालून बसला.

तेरवी झाल्यावर पहाटेच बैलगाडी जुंपली. पोर सासूच्या कुशीत झोपली होती; तिला उठवू दिलं नाही.

कळसावर ज्येष्ठा होती, तितकीच फिकी. देवकाचं पाहणं खोटं नव्हतं. तारा खरंच कमी झाला होता, आणि त्यानं काही म्हणजे काही बदललं नव्हतं.

शालीकरामनं बैल हाकले. देवकानं पदर पुढं ओढला आणि त्या ताऱ्यापासून तोंड झाकून घेतलं, उदारामपासून झाकायची तसंच.