अकरा फोनांचा आडोसा

अंगदनं आपल्या ॲपच्या दुकानाला 'आडोसा' असं नाव दिलं, तेव्हा त्याला स्वतःचंच लई कौतुक वाटलं होतं. नाव होतंच तसं. फोनमध्ये ॲप घ्यायला हे दुकान ना नंबर विचारायचं, ना ईमेल, ना तुम्ही कुठं आहात ते. कंपन्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की चौकशा सुरू होतात, इथं तसलं काही नाही. कोड सगळा उघडा, ज्याला वाचता येईल त्यानं वाचावा. पुण्याची नोकरी सोडून पठ्ठ्या दीड वर्ष पालीतल्या घरी माळवदाखाली बसून हेच करत होता, आणि सोबत काम करणारी तेजश्री अंबाजोगाईहून त्याच्या चुका काढत होती.

पहिल्या अकरा फोनांवर आडोसा गेला तो मात्र कोडच्या जोरावर नाही, अंगदच्या वडिलांच्या, गहिनीनाथ आण्णांच्या शब्दावर. गावात बांधाचा तंटा असो की सासू-सुनेचा, माणूस येऊन आण्णांच्या कानाशी लागणार, आणि त्या कानात गेलेलं बाहेर पडायचं नाही. "माझ्या पोरानं केलंय. कुणी बघत न्हाई," एवढंच आण्णा म्हणाले, आणि लोकांनी आपणहून फोन पुढं केले.

आता खरी गोष्ट ऐका. कुणी बघत नाही हे खोटं होतं. अंगद बघत होता.

सुरुवात साधीच होती. शोधायच्या चौकटीत लोक आपल्या बोलीत लिहायचे आणि दुकानाला ते कळायचं नाही, म्हणून कुणी काय शोधलं याची नोंद त्यानं सर्व्हरवर ठेवली. "ती नोंद बंद केलीस ना?" तेजश्रीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो "केली" म्हणाला. नाव नाही, नंबर नाही, नुसते शब्द, त्यात कुणाचं काय बिघडतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. अरे शहाण्या, माणसं अकरा, आणि अकराही जणांचं बोलणं तू लहानपणापासून ऐकतोयस. कोण कसं बोलतं ते ठाऊक असल्यावर नाव कशाला लागतं? रोज सकाळी चहाबरोबर तो ती नोंद वाचू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याची गोडी लागली.

एका सकाळी ओळ दिसली, 'कानाला कमी आईकू येतंय त्याचं काय हाय का. कळावे.'

शोधायच्या चौकटीत पत्रासारखं 'कळावे' लिहिणारा माणूस साऱ्या पालीत एकच. अंगदचा चहा हातातच निवला. ज्या कानावर गावाचा भरवसा तोच कान जात होता, आणि आण्णांनी घरात कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

गप्प बसावं की नाही? पण याला मदतीची घाई. आवाज मोठा करून ऐकवणारं एक ॲप त्यानं दुकानात अगदी वर आणून ठेवलं, आणि जेवताना जवळ सरकून म्हणाला, "आण्णा, अंबाजोगाईला जाऊन कान दाखवून येऊ का?"

आण्णांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. आसंच वाटलं."

 आण्णा ताटातच हात धुवून उठले. अंगदनं तेव्हाच नोंदीचं सांगून टाकायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. 

रविवारी, फोनात आडोसा घ्यायला आण्णांनी आधीच बोलावून ठेवलेले चाळीस जण देवळापुढं जमले. शब्द दिलेला, म्हणून आण्णाही येऊन पुढं बसले. जुन्या अकरांतली बायनाकाकू नव्या बायकांना सांगत होती, "बिनघोर काय बी हुडका. गहिनीनाथ भाऊजींचा शबूद हाय." ते ऐकून अंगदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आण्णांजवळ जाऊन वाकला.

"आण्णा, लोक काय हुडकतेत ते मी वाचत होतो," तो हळूच म्हणाला. "तुमचं बी."

आण्णांनी मान डोलावली. त्यांना ऐकू आलंच नव्हतं. न ऐकता मान डोलवायची त्यांची ही रीत अंगदच्या आज पहिल्यांदा लक्षात आली. त्यांना पुन्हा मोठ्यानं सांगावं, तर शेजारी बसलेला, अकरांतलाच बंकट, त्यांना ऐकू येत नाही हे ओळखणार. आणि सोडून द्यावं, तर किती सोपं होतं! मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, झालं. हा विचार आपल्या डोक्यात आलाच कसा, याची त्याला किळस वाटली.

तो सरळ उभा राहिला आणि साऱ्या लोकांकडं तोंड करून खणखणीत बोलला. "ऐका. ह्यात कुणी बघत न्हाई असं आण्णांनी तुमाला सांगितलं, कारण मी त्यांला तसं सांगितलं होतं. ते खोटं हाय. अकरा जणांनी जे जे हुडकलं ते मी तीन महिने वाचलंय. कोणतं कुणाचं, ते बी मला वळखू आलं."

 "काय बे," एवढंच बंकट म्हणाला आणि खाली बघू लागला. त्यानं काय शोधलं होतं ते अंगदला माहीत होतं, आणि अंगदला माहीत आहे हे आता त्यालाही कळलं होतं.

"नोंद आत्ता पुसतो. फोनातून आडोसा बी काढतो. द्या," अंगदनं हात पुढं केला.

बायनाकाकूनं फोन छातीशी धरला. "कुठं दाबायचं ते सांग. मी दाबते."

त्यानं सांगितलं, तिनं दाबलं. मग बंकटनं, मग बाकीच्यांनी. सगळे फोन आपल्याकडं वळवून धरत होते. शेवटी आण्णा राहिले. निदान आण्णा तरी फोन हातात देतील, असं अंगदला उगीच वाटत होतं.

आण्णांनी फोन मांडीवर ठेवला. "सांग, कुठं दाबायचं."

अंगदनं सांगितलं, आवाज खाली न आणता. आण्णांनी दाबलं, आणि मग पोराकडं न बघता ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तुमी माझ्या शब्दावर घेतलं," ते लोकांना म्हणाले. "माझं चुकलं." आणि त्यांनी चाळीस माणसांपुढं हात जोडले. अंगद शेजारीच उभा होता. ते हात धरून खाली करायचीही त्याची हिंमत झाली नाही.