जमनाच्या नवऱ्याचं नाव

माझ्या फोनवर अर्ध्या पाड्याचे ओटीपी येतात. आधार कार्डं निघाली तेव्हा कोसबाडच्या आमच्या चिकूच्या वाडीत कामाला येणाऱ्या कोणाकडेच फोन नव्हता. हे म्हणाले, "लिहा आमचा नंबर, काय बिघडतंय?" हे गेले, नंबर माझ्याकडे राहिला. आता तलासरीच्या सेंटरवर कोणी कामाला गेलं की मला विचारतं, "बाय, आकडा आला काय?" आणि मी चष्मा शोधून वाचून दाखवते.

मध्यंतरी वरोरच्या रूपीच्या नावावर कोणीतरी परराज्यात सिम काढलं. तिच्या पुतण्याने फोनवर असाच कोणाला तरी आकडा सांगितला होता. त्या सिमवरून लोकांना फसवलं गेलं, आणि जिला स्वतःचा फोन नाही ती रूपी दिवसभर पोलिसांपुढे बसली. हे कळल्यावर माझी नात मयूरी वापीहून आली आणि तिने मला दमच दिला.

"आजी, ओटीपी कोणालाच द्यायचा नाही. ओळखीचा आवाज असला तरी नाही. आता आवाजसुद्धा चोरतात."

"मग जमनाने काय करायचं? तिचा अंगठा मशीन घेत नाही."

जमना माझ्याच वयाची. जन्मभर चिकू चोळून धुताना तिची बोटं गुळगुळीत झाली आहेत.

"मग तिला आधी काहीतरी विचार," मयूरी म्हणाली. "नवऱ्याचं नाव विचार."

मी मान हलवली. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

रेशनकार्डाच्या केवायसीसाठी जमना तलासरीला गेली, तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला.

"रतनबाय, आकडा बोल लवकर. मागे लाइन हाय."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हंजे? जमना."

"कुठली जमना?"

"सकाळी तुझ्या ओट्यावर चा पिऊन निघाली ती."

आवाज तिचाच होता. पण मयूरीचा दम आठवला. "नवऱ्याचं नाव सांग."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

"येडी झालीस काय? चार माणसांत मी ते नाव घेऊ?"

"हळू सांग."

"हळू पण नाय. तू घेतेस काय तुझ्या नवऱ्याचं?"

मी घेत नाही. मागे कोणीतरी हसलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, "आजी, ओटीपी द्या, टाइम संपतोय." मी घाबरले आणि फोन बंद केला.

संध्याकाळी जमना परत आली ती ओट्याच्या अगदी कडेला बसली. चहा घेतला नाही.

"उद्या शेवटची तारीख. नाव कापलं त तांदूळ तू देशील?"

"देईन."

"मना तुझा नको. माझ्या हक्काचा पायजे."

मला मयूरीचा राग आला, मशीनचा आला, माझाही आला. पूर्वी जमनाची मनीऑर्डर आली की पोस्टमन माझ्या सासूबाईंकडे बघायचा. त्या म्हणायच्या, "आमचीच आहे." तेवढ्यावर काम व्हायचं.

तेवढ्यात फोनवर जमनाच्या आधारचा ओटीपी आला. पाठोपाठ फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"हॅलो, मी जमना बोलते," एक तरुण बाई म्हणाली. "सेंटरवर आहे. आकडा आला असेल तो सांगा ना."

जमना माझ्याकडे बघत राहिली.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं.

"भिका," ती क्षणभरही न थांबता म्हणाली. "पत्ता पण सांगू?"

जमनाचा हात तोंडावर गेला. कोणी तिचं नाव लावतंय याचं तिला काही वाटलं नसावं. ती फोनवर वाकली. "बाय, निदान 'आमचा घरवाला' तरी म्हण. लाज नाय काय?"

पलीकडून फोन कट झाला.

नाव तर कार्डावरच छापलेलं. चोराला तेच आधी माहीत असणार, आणि खरी जमना तेच सांगणार नाही. हे मी मयूरीला कळवलं तर ती म्हणाली, "सॉरी, आजी." काय करू त्या सॉरीचं?

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन जमनाबरोबर तलासरीला गेले. ओटीपी तिच्या शेजारी उभी राहून दिला. तांदूळ वाचला. मग सेंटर चालवणाऱ्या प्रवीणला म्हटलं, "आता हिच्या मुलाचा नंबर लाव. माझा काढून टाक."

त्यासाठी अंगठा लागतो. जमनाने तो पदराला पुसला, धुतला, फुंकर घातली. मशीनचा दिवा लालच राहिला. डोळ्याच्या मशीनला तिचा मोतीबिंदू आडवा आला.

"अंगठा लागत नाही म्हणून तर तिला नंबर हवा," मी म्हटलं.

"आणि अंगठ्याशिवाय नंबर बदलत नाही, आजी. मी तरी काय करू?"

परतताना जीपमध्ये जमना म्हणाली, "रतनबाय, तू माझ्या आधी मरू नको. तुझा फोन बंद झाला त मी जमना हाय हे कोण सांगेल?"

"मग पहिला तुझा मोतीबिंदू काढू."

"मना दिसतं तेवढं बस हाय."

"तुला दिसायला नाही गं. मशीनला दिसायला."

जमना आशागड येईपर्यंत डोळ्यांवर पदर धरून बसली होती.