माईंची घंटा मुंबईला गेली

चातुर्मासात माई सकाळच्या बोलत नसत. सूर्य उगवल्यापासून देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. त्यांचा एकुलता लेक अंबादास नऊ वर्षांचा असताना विषमज्वरानं एकवीस दिवस अंथरुणाला खिळला होता. बाविसाव्या दिवशी त्यानं ताकभात मागितला, आणि त्या दिवशी माईंनी हे व्रत धरलं. त्या व्रताला आता सोळा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मांजरानं सायीचं भांडं पालथं केलं, गवळ्यानं पाणी घालून दूध दिलं, एकदा तर न्हाणीत पाय घसरून त्या चांगल्या आपटल्या. पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही. पोराचं आयुष्य या मौनाला बांधलेलं आहे, अशी त्यांची खूणगाठ होती.

तेच पोर आता समुद्रापार निघालं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात इंजिनाचं काम शिकून अंबादास मुंबईच्या कंपनीत लागला आणि कंपनी त्याला दोन वर्षं जर्मनीला धाडत होती. श्रावणात त्याचं पत्र आलं: ‘माई, तू हो म्हटल्याशिवाय मी बोटीवर पाय ठेवणार नाही.’

माईंनी तीनदा कार्ड लिहायला घेतलं. ‘चिरंजीव अंबादास यास अनेक आशीर्वाद’ इथवर अक्षर सरळ येई, पुढं हात अडे. ‘जा’ लिहवत नव्हतं आणि ‘नको’ लिहायला मन धजत नव्हतं. घरात दुसरं होतं तरी कोण? मास्तर, माईंचे यजमान, जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळेच्या कामाला मलकापूरला गेले आणि तिथंच छातीत कळ येऊन गेले. निरोप घेऊन माणूस आला तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंड काही दिसलं नाही. तेव्हापासून दूर गेलेलं माणूस म्हणजे हातचं गेलेलं माणूस, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

शेवटी अंबादासनं शेजारच्या आण्णांना लिहिलं. आण्णा गुळाचे अडते. बाजारभावासाठी त्यांनी घरात टेलिफोन घेतला होता. ‘गुरुवारी बोट आहे. बुधवारी सकाळी ट्रंक कॉल नोंदवतो. लागेपर्यंत दुपार होईल, तोवर माईची पूजा आटोपलेली असेल.’

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. मागच्या महिन्यात सांगलीला फोन लावायला आण्णांना चार तास ताटकळावं लागलं होतं. पण त्या बुधवारी तारांच्या मनात काय आलं कोण जाणे, साडेनऊलाच फोन लागला.

माई सोवळं नेसून देवापुढं बसल्या होत्या. डाव्या हातात घंटा होती, तोच परड्याच्या भिंतीवरून आण्णांचा आवाज आला. आण्णांचा आवाज म्हणजे काय, गुळाच्या सौद्यात कमावलेला!

“माई! ओ माई! फोन लागलाय की! पळत या! तीनच मिनिटं देत्यात!”

माई तशाच उठल्या. हातातली घंटा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. आण्णांच्या दारात बायडाबाई, आण्णांची बायको, दोन्ही हात पसरून वाट मोकळी करत होती.

“सरा बाजूला, शिवू नका कुणी! सोवळ्यात हायती!” आणि मग नवऱ्याकडं वळून, “आणि तुमी वरडताय कशापाय एवढं? मुंबईला फोनशिवायच ऐकू जाईल.”

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं फोन पुसला आणि माईंच्या कानाशी धरला. माईंनी क्षणभर त्या काळ्या वस्तूकडं बघितलं. सोवळं मोडलं तर मोडो, पुन्हा अंघोळ करता येईल. त्यांनी फोन हातात घेतला.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या पलीकडून, अगदी कानाच्या पाळीला लागून, “माई?”

हा ‘माई’ पत्रातला नव्हता. किंचित पडशाचा, झोप न झालेला, जिता आवाज होता. दीडशे कोसांवरचं लेकरू कानात बोलत होतं!

ओठ हलले. पण ‘बाळा’ हा शब्द गळ्याशी आला तिथंच थांबला. नैवेद्य व्हायचा होता. आणि आजच, तो समुद्रावर निघायच्या आदल्या दिवशी, व्रत मोडायचं?

“माई, बोल की. ऐकू येतंय ना?”

आण्णांना राहवेना. त्यांनी फोनच्या तोंडाशी तोंड नेलं. “आरं, मौन हाय न्हवं तिचं! पूजा व्हायची हाय. पर व्हय म्हणतीया ती, व्हय! तू जा बिनघोर!”

पलीकडं अंबादास एवढ्या मोठ्यानं हसून बोलला की दारापर्यंत ऐकू गेलं. “आण्णा, तुम्ही श्रावणापासून व्हयच म्हणताय. मला माईचं पाहिजे.”

“बघा!” बायडाबाई म्हणाली. “लबाडी मुंबईपत्तूर म्हाईत हाय.”

मग अंबादासचा आवाज हळू झाला. “माई, तू बोलू नकोस. नुसतं ऐक. तुझ्या मनात नसेल तर मी रात्रीच्या गाडीनं ट्रंक घेऊन घरी येतो. राग नाही, काही नाही. पण तुझी मर्जी असेल तर... कसं सांगशील गं?”

माईंनी फोन कानाशी घट्ट धरला. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. व्रतही पाळलं जाणार होतं आणि उद्या लेकरू दारात उभं राहणार होतं. पाप नाही, बोल नाही. देवीनंच जणू ही सोय करून दिली होती.

त्यांची नजर डाव्या हाताकडं गेली. घंटेचा लोळा अंबादास तेरा वर्षांचा असताना तुटला होता. त्यानं उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून एक लोखंडी नट आणून तारेनं आत अडकवला. “देवाच्या घंटेत लोखंड!” म्हणून माईंनी कपाळाला हात लावला होता. पण पोराचा चेहरा बघून म्हणाल्या होत्या, “वाजते तर खरी.” इंजिनांच्या वाटेला पोरानं पहिलं पाऊल टाकलं ते त्या दिवशी, आणि टाकू दिलं ते त्यांनीच.

मास्तरांच्या वेळी ही फोनची तार असती तर! मलकापूरहून त्यांचा एक शब्द तरी आला असता. आणि आता तार आहे, माणूस दोन्ही कानांनी वाट बघतोय, आणि आपणच गप्प राहायचं?

माईंनी घंटा फोनच्या तोंडाशी नेली आणि वाजवली.

टण्ण. टण्ण. टण्ण. लोखंडी नटाची, जराशी चिरकी. अख्ख्या कोल्हापुरात तशी दुसरी घंटा नव्हती.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “माझा नट आहे तो,” अंबादास म्हणाला. “जातो गं... नाही, येतो. येतो, माई.”

“तीन मिनिटं झाली,” मधेच एक्स्चेंजवरची बाई बोलली. माईंचा हात थांबला. मग ती बाईच हलक्या आवाजात म्हणाली, “होऊ दे, माई. आणखी एकदा वाजवा.”

माईंनी आणखी एकदा वाजवली.

घरी येऊन त्यांनी पुन्हा अंघोळ केली, पूजा पुरी केली, नैवेद्य दाखवला. मौन सुटलं की रोज पहिला शब्द ‘अंबाबाई’. तो उच्चारला आणि त्या प्रसादाची वाटी घेऊन आण्णांकडं गेल्या. अर्धा प्रसाद आण्णांच्या हातावर ठेवला. उरलेल्यातली चिमूटभर साखर टेलिफोनपुढं ठेवून हात जोडले. बायडाबाई हसली नाही. तिनं हळदीकुंकवाचं तबक पुढं केलं.

“आण्णा,” माईंनी विचारलं, “ही तार जर्मनीपर्यंत जाते का हो?”

“आज जाती का न्हाय, ठावं न्हाय. पर जाणार की! थांबतीया व्हय ती?”

माईंनी मान हलवली. घरी येऊन घंटा पदरानं कोरडी केली आणि आतल्या नटाला गंज चढू नये म्हणून तेलाचं एक बोट लावलं. अंबादासनंच शिकवलं होतं तसं.