गालाजवळचा ‘एल’

वर्लिन टॅकेटला जुन्या लष्करी रायफली जोडायचं वेड होतं, आणि लाइल हेकमनला त्या अखंड विकत घ्यायचं आणि विकायचं. या एका गोष्टीवरून दोघं तीस वर्षं भांडत आले होते. भांडण कसलं, जेवणानंतरची सुपारीच ती! दर रविवारी लाइल टॅकेटांच्या स्वयंपाकघरात बसायचा, घेवड्याचं सूप आणि मक्याची पोळी हाणायचा, आणि हात पुसता पुसता म्हणायचा, “काय लेका, गोधडी कुठवर आली?”

गोधडी म्हणजे वर्लिनची रायफल. कोरियाच्या लढाईतली, गॅरंड जातीची. नळी एका जत्रेतून, चाप दुसऱ्या कुणाच्या माळ्यावरून, दस्ता तिसरीकडून. अकरा वर्षं घालवून त्यानं सगळे भाग एकाच कारखान्यातले, एकाच हिवाळ्यातले जमवले होते. त्याच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी काढून तो आत लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं दोन ओळी लिहायचा, म्हणजे पुढे कुणी फसायला नको. लाइलला त्याचं हसू यायचं.

“अरे, अखंड ती अखंड! जी एकदाही उघडली नाही तिचा मान वेगळा. अखंड वस्तूचा स्क्रू फिरवायचा नसतो, वर्लिन. फिरवलास की ती मेली.”

“मग आत काय आहे ते कळायचं कसं?”

“विश्वास ठेवायचा,” लाइल म्हणायचा आणि आणखी एक पोळी ओढायचा.

खरं सांगायचं तर वर्लिनला जोडकामाची हौस होती ती दुय्यम. त्याला हवी होती एकच रायफल, त्याच्या बाबांची. एमेट टॅकेट विसाव्या वर्षी कोरियात होते. तिथल्या एका थंड टेकडीवर त्यांनी चाकूनं दस्त्यावर, गाल टेकतो तिथं, ‘एल’ कोरला होता. एल म्हणजे लोरीन, वर्लिनची आई. ही गोष्ट त्या स्वयंपाकघरात किती वेळा सांगितली गेली याला गणती नाही. आई ऐकताना दर वेळी लाजायची. रायफलीचा नंबर विचारला तर बाबा म्हणायचे, “नंबर? मला माझ्या बुटाचा नंबर आठवत नाही!” म्हणून वर्लिन चाळीस वर्षं ओहायोभरच्या जत्रांतून रायफली उचलायचा आणि आधी गालाजवळची जागा बघायचा.

आई गेली. बाबा त्र्याण्णव वर्षांचे झाले, छातीत पाणी भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पानगळीपर्यंत काढतील. त्यांच्या हातात ती रायफल एकदा द्यायची, बस्स, एवढंच वर्लिनच्या मनात उरलं होतं.

आणि एप्रिलमध्ये लाइल धापा टाकत आला. “सापडली रे! नदीपलीकडे एक म्हातारी आहे, तिच्या नवऱ्यानं सैन्याच्या लिलावात घेतली होती. गालाजवळ एल आहे, मी बोट लावून आलो!”

वर्लिननं पाकीट काढलं.

“पण तिला पैसे नकोत,” लाइल म्हणाला. “नातवाला नेमबाजीसाठी चांगली चालती रायफल हवी. तुझी गोधडी देतोस?”

अकरा वर्षांची मेहनत! वर्लिननं क्षणभरही विचार केला नाही. कापडात गुंडाळून ती लाइलच्या हातात दिली, वर त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी लाइल म्हातारीची रायफल घेऊन आला. काळपट दस्ता, आणि गालाजवळ वाकडातिकडा, झिजलेला एल. वर्लिनचे हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडे गेले.

“अंहं!” लाइल म्हणाला. “ही अखंड आहे. हिला तरी सोड.”

आणि वर्लिननं सोडलं. जन्मभर जो घड्याळसुद्धा उघडल्याशिवाय हातात बांधत नव्हता, त्यानं पहिल्यांदा मित्राचं ऐकलं.

बाबा खिडकीपाशी पलंगावर टेकून बसले होते. वर्लिननं रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्यानं ती ओळखीच्या हातांनी चाचपली, अंगठा गालाजवळ गेला, थांबला. मग ते खुदखुदून हसले, हसता हसता खोकले.

“छान केलीस रे पोरा. एलसुद्धा कोरलास!”

“मी नाही केली बाबा. सापडली. तुमचीच आहे ही.”

“माझी कशी असेल?” बाबांनी डोळे पुसले. “अरे, सरकारी बंदुकीवर चाकू चालवला असता तर सार्जंटनं मला सोलून काढलं असतं. कोरलाच नव्हता कधी.”

“म्हणजे?”

“तुझ्या आईनं मला चाळीस पत्रं लिहिली. मी परत आलो तर जवळ तीन. बाकीची जाळून आम्ही हात शेकले होते, थंडीच तसली! ती रडायला लागली. मग काय सांगू? म्हटलं, पत्रं नसली म्हणून काय झालं, तुझं नाव गालाशी होतं. तेवढ्यावर बाई हसली. मग ती गोष्ट घरातच राहिली.”

“चाळीस वर्षं मी शोधतोय, बाबा! मला तरी सांगायचं!”

“आई होती तोवर कसं सांगणार? आणि ती गेल्यावर तू इतक्या हौसेनं शोधत होतास... माझी जीभ रेटेना.” बाबांनी त्याचा हात धरला. “रागावलास?”

रागावला होताच. लहान मुलासारखं रडू येत होतं त्याला. पण त्र्याण्णव वर्षांच्या माणसावर किती रागावणार? तो “नाही” म्हणाला आणि रायफल उचलून तळघरात गेला. कारण तोवर दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली होती. कोरलाच नव्हता, तर हा एल कोरला कुणी? ती गोष्ट स्वयंपाकघरातल्या त्या टेबलावर जेवलेल्या माणसांनाच ठाऊक होती. त्यातली आई गेली. उरलेल्यांत परका एकच.

त्यानं दोन स्क्रू फिरवले, बुडाची पट्टी काढली. आत लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षर त्याचंच. ‘दस्ता नवा घातला. लाइलसाठी. वर्लिन.’ नऊ वर्षांपूर्वी लाइलच्या एका रायफलीचा दस्ता तडकला होता, तेव्हा वर्लिननं स्वतः तासून, तेल पाजून फुकट दिलेला हा दस्ता. त्याच लाकडावर मित्रानं चाकू चालवला होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, लाइलनं तर वासाच काढून नेला होता!

वर्लिननं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं पट्टी परत लावली.

शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या लांब शेडमध्ये रायफलींचा बाजार होता. लाइलचं टेबल नेहमीच्या जागी, दारापाशी. मधोमध हिरव्या कापडावर वर्लिनची गोधडी. पुढ्यात चिठ्ठी: ‘संपूर्ण मूळ. एकदाही न उघडलेली.’ टेबलाजवळ निळ्या कोटातली एक बाई वाकून बघत होती.

“माझ्या वडिलांसाठी घेतेय,” ती सांगत होती. “ते कोरियात होते.”

“मग हीच घ्या, बाई,” लाइल म्हणाला. “कारखान्यातून आली तशी आहे.” आणि त्याची मान वर झाली. “अरे, वर्लिन! एमेटकाका कसे आहेत?”

“बरे आहेत. खूप हसले,” वर्लिन म्हणाला. “बाई, आत उघडून बघा.”

लाइलचा चेहरा उतरला, पण जीभ सवयीनं चाललीच. “अखंड वस्तूचा स्क्रू फिरवायचा नसतो.”

“तू नको फिरवू.” वर्लिननं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. लाइलनं रायफलीवर हात ठेवला. वर्लिननं त्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षं तो हात त्याच्या ताटाशेजारी होता. लाइलनं तो काढून घेतला.

पट्टी निघाली. बाईनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “‘सुट्या भागांतून जोडली, वर्लिन टॅकेट. बाबांची सापडेपर्यंत ही.’”

तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “वर्लिन तुम्हीच का? मग सापडली का हो बाबांची?”

“याला विचारा,” वर्लिन म्हणाला. “यानंच आणून दिली.”